खिडकीवरचा हात

बेल्ह्याच्या बाजारातून परतताना एसटीत तो माझ्या शेजारी, खिडकीपाशी बसला होता. त्याची म्हातारी आई पुढच्या सीटवर होती. मला लोकांच्या सवयी बघत बसायची खोड आहे. गाडी पळत असो की थांब्यावर उभी, त्याचा डावा हात खिडकीच्या दांडीवरून हलत नव्हता. तिकिटाचे पैसेसुद्धा त्याने उजव्या हातानेच चाचपडत काढले.

शेवटी मी विचारलंच.

तो ओशाळून हसला. "सवय लागलीय, भाऊ. मी समुद्रात तेलाच्या रिगवर असतो. हेलिकॉप्टरनं जावं लागतं. ते पाण्यात पडलं तर उलटं व्हतं. जॅकेटात हवेची लहान बाटली असती, तिची नळी तोंडात धरायची. पण ती हवा दोन मिनिटांची. हात दारावरनं सुटला तर अंधारात दार घावत न्हाई. मग हवा असून काय उपेग?"

"कधी वेळ आली?"

"न्हाई. निस्ता सराव."

आईने मागे वळून पाहिलं. तिने सगळं ऐकलं होतं.

"झोपंत बी हात चाचपडतो याचा," ती मला म्हणाली. "म्हनून रजेवर आला की याची खाट मी दाराशीच टाकते."