कॉइलवरचा थर

पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या फ्लॅटमध्ये गीझर दुरुस्त करायला आलेल्या त्या माणसाचं नाव मी विचारलंच नाही. पन्नाशीचा असेल. चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या, मेन स्विच दोनदा तपासला आणि मगच पाना हातात घेतला.

"आमचे बाबा तासन्‌तास चालू ठेवतात, म्हणून जळाला," मी सांगितलं. बाबा हॉलमध्येच बसले होते. आठवडाभर ते माझ्या तोंडून हेच ऐकत होते.

त्यानं कॉइल बाहेर काढली. तिच्यावर बोटभर जाड पांढरा थर चढला होता. ती मला न दाखवता तो थेट बाबांसमोर जाऊन उकिडवा बसला.

"बाबा, हे बघा. बोअरच्या पाण्याचा क्षार हाय हा. यानंच कॉइल जळाली. तुमचा काय दोष नाय." मग हलक्या आवाजात म्हणाला, "माझी आई पण आताशा घरातलं कुठलंच बटन दाबत नाय. घाबरती."

बाबांनी नुसती मान हलवली.

"चुकलं माझं, बाबा," मी म्हणालो.

तो मात्र काहीच ऐकू न आल्यासारखा, मान खाली घालून फरशीवर स्क्रू शोधत राहिला.