उसाच्या शेंड्यावरची रेष

दोन हजार चार-पाचच्या सुमारास इंदिरानगरात आमचं ऑफिस होतं. विमानातून काढलेले जमिनीचे फोटो परदेशातून यायचे आणि आम्ही त्यांचे नकाशे करायचो. बुद्धभूषण माझ्या शेजारच्या खुर्चीवर. काळा चष्मा लावला की पडद्यावरचे दोन फोटो एक व्हायचे, डोंगर वर उठायचे, दऱ्या खाली जायच्या. मग एक ठिपका नेमका जमिनीला टेकवायचा आणि सारख्या उंचीची रेष ओढत न्यायची. कुठल्या कोण गोऱ्याच्या कुरणावर आम्ही दिवसभर ठिपके टेकवायचो. चुकलं तरी ना त्याला फरक पडायचा, ना आम्हाला.

बुद्धभूषण सायखेड्याजवळच्या नदीकाठच्या वस्तीतला. आई लताबाईने लोकांच्या मळ्यात फुलं तोडून त्याला शिकवलं. "आमचा भूषण इमानातून जमीन बघतो," असं ती गावभर सांगायची. विमान त्याने ओझरला विमानतळाच्या कुंपणाबाहेरून पाहिलं होतं, तेवढंच.

मग आमच्या ऑफिसच्या साहेबांना इथलंच काम मिळालं. गोदावरीची पूररेषा ठरवायची होती. रेषेच्या आत येणाऱ्या वस्त्यांना वर माळावर प्लॉट मिळणार होते. वस्तीला आनंदाचं उधाण आलं. "तू हाय ना तिथं, आपल्याला आत घे," असं जो तो बुद्धभूषणला गाठून सांगायचा. तो हसायचा. त्याच्याकडे फोटोंचे तुकडे नुसते नंबर घालून यायचे, गावाचं नाव नसायचं. आणि घाई इतकी, की चहासुद्धा आम्ही चष्मा न काढता प्यायचो.

निकाल लागला तेव्हा वस्ती रेषेच्या बाहेर होती. म्हणे जागा उंच आहे! पाणी चढलं की जिथल्या चुली वाहून जातात, ती जागा उंच! बुद्धभूषण तणतणत ऑफिसात आला. त्याने तो तुकडा शोधून उघडला आणि चष्मा लावला. मी वाकून पाहिलं. काम करणाऱ्याच्या जागी त्याचंच नाव होतं.

काठाला दाट ऊस होता, दीड पुरुष उंच. वरून तो सपाट हिरवा दिसतो. खालची जमीन दिसत नसली की पिकाची उंची वजा करायची, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं. पण परदेशी कुरणं काढून काढून त्याच्या हाताला वळणच तसं पडलं होतं. त्याने ठिपका उसाच्या शेंड्यावर टेकवला आणि रेष तशीच पुढे वस्तीवरून नेली, म्हणून कागदावर वस्तीही उसाच्या शेंड्याइतकी उंच ठरली. उसात वाढलेल्या माणसाने उसाला गवत समजावं! मला त्याचा संताप आला आणि त्याचा चेहरा बघून वाईटही वाटलं.

साहेब म्हणाले, "नकाशे पास झालेत. आता चूक काढली तर सगळंच काम पुन्हा गळ्यात पडेल." एवढं बोलून ते फोनकडे वळले. बुद्धभूषण सरकारी कचेरीतही गेला. पास झालेल्या नकाशावर बोलणारे तुम्ही कोण, असं विचारून त्यांनी त्याला वाटेला लावलं.

पुढच्याच पावसाळ्यात पूर आला. माणसं वाचली, घरं बसली.

मी त्याच्याबरोबर गेलो. वस्ती गावच्या शाळेत राहत होती. लताबाई एका वर्गात ओल्या गोधड्या पिळत होती. बुद्धभूषण सगळ्यांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "ती रेष मी काढली. चूक माझी हाय. माझ्यामुळं तुमचे प्लॉट गेले."

आता याला मार पडणार, असं मला वाटलं. पण कोणी जागचं हललंसुद्धा नाही. वस्तीतले वडीलधारे सहादूबाबा उठले आणि त्यांनी त्याला हाताला धरून खाली बसवलं.

"साहेब लोकांनी तुझ्यावर ढकललं आसंल, पोरा. आपल्या माणसाच्या हातात येवढं कोण देतंय?"

"बाबा, मीच काढली!" तो ओरडला.

"व्हय, व्हय," लताबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. तो रडत पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिला आणि सगळी वस्ती त्याची समजूत घालत राहिली.