लायसन्सवरचा रक्तगट

बहिणीला रक्त द्यायला निघालेल्या दोघांना मी फोन करून परत पाठवलं, आणि माझं स्वतःचं रक्त तिला चालणारच नव्हतं.

मोठी बहीण गडचिरोलीच्या दवाखान्यात होती. दुसऱ्या दिवशी गर्भपिशवीचं ऑपरेशन, अंगात रक्त कमी, आणि तिच्या गटाची, म्हणजे ओ पॉझिटिव्हची, पिशवी रक्तपेढीत संपलेली. तिचा दीर आणि त्याचा मित्र, दोघंही त्याच गटाचे नेहमीचे रक्तदाते, एटापल्लीहून निघाले होते. मी म्हटलं, कशाला तेवढ्या दूरून येता, सख्खा भाऊ बसला आहे ना इथे. शिवाय माझ्या लायसन्सवर छापलंच होतं: ओ पॉझिटिव्ह.

रक्तपेढीतल्या बाईंनी लायसन्सकडे पाहिलंही नाही. बोट टोचलं, पांढऱ्या टाइलवर तीन थेंब ठेवले, त्यांत तीन बाटल्यांतलं काहीबाही मिसळलं. पाहता पाहता तिन्हीकडे माझं रक्त फाटलेल्या दुधासारखं झालं. मला वाटलं, नासलं. आदल्या दिवशीच्या तिखट रश्शाला मी मनातल्या मनात दोष दिला.

"भाऊ, तुमी एबी पॉझिटिव्ह आहा," त्या म्हणाल्या.

मी सरकारी कागद म्हणून लायसन्स पुन्हा पुढे सरकवलं. हे कोणी तपासून लिहिलं, असं त्यांनी विचारलं तेव्हा मला अर्ज भरून देणारा झेरॉक्सवाला आठवला. आम्ही गावचे नऊ जण एकदम गेलो होतो. रक्तगटाचा रकाना आला तेव्हा मी म्हटलं होतं, टाका ना काही बी. त्यानं माझ्या आधीच्याचा उतरवला. बहुधा नऊच्या नऊ जणांचा तोच असावा.

आता माझं डोकंच चालेना. एकाच मायबापाची लेकरं, मग रक्त वेगळं कसं? बाप ए आणि माय बी असली तर चार लेकरं चार गटांची निघू शकतात, असं त्यांनी सांगितलं. मी दोनदा विचारलं, दोनदा मान हलवली, कळलं काहीच नाही. मग म्हटलं, निदान अर्धी पिशवी तरी घ्या. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या की बहिणीचं शरीर माझ्या रक्तपेशींना परकं समजून फोडून टाकेल, किडन्या बंद पडतील, जीवही जाईल. मला स्वतःला मात्र अडचणीत कुठल्याही गटाच्या पेशी चालतील.

तेव्हा कुठे मला परत पाठवलेले ते दोघं आठवले. दिराला फोन लावला. तो घरी पोचून जेवायला बसला होता. एक शब्द न विचारता दोघं मोटरसायकलवर निघाले. त्यांचं रक्त तपासून, बहिणीच्या रक्ताशी जुळवून पिशव्या तयार होईपर्यंत सकाळचं ऑपरेशन दुपारवर गेलं. पण नीट पार पडलं.

तिसऱ्या दिवशी ती उठून बसली तेव्हा मी तिला सारं शास्त्र समजावलं, माझं कोणाला चालतं आणि मला कोणाचं. थोडं उलटसुलट झालं असेल. तिनं ऐकून घेतलं, दिराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हंजे तुले सगळ्यायचं चालते, अन् तुयं आमच्यातल्या कोनालेच नाई," ती म्हणाली. "याच्यासाठी बोट कायले टोचाचं? मले इचारलं असतं."