पुढची ट्रॉली

चिरडलेल्या उसाचा आंबूस वास आला की मला देगलूर रस्त्यावरची ती संध्याकाळ आठवते. मला सातवा महिना होता आणि नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागं बसून मी माहेरी चालले होते. पुढं उसाचा ट्रॅक्टर धूळ उडवत चालला होता. यांनी गाडी उजवीकडं काढली, ट्रॉली ओलांडली, तेव्हा कळलं की तिच्यापुढं आणखी एक ट्रॉली जोडलेली आहे. तेवढ्यात धुळीतून समोर जीप आली. यांनी ट्रॉलीला चिकटून करकचून ब्रेक दाबला. उसाची टोकं माझे गुडघे ओरबाडत गेली आणि जीप पाठीला घासावी इतक्या जवळून निघून गेली. रस्त्याकडेला थांबलो तेव्हा यांना स्टँडसुद्धा लावता येईना. "पोरगं हलून राहिलं का?" यांनी विचारलं. मी पोटावर हात ठेवून वाट पाहिली. "न्हाई," मी म्हणाले. हे तिथंच मातीत बसले. मग आतून एक लाथ बसली. मी सांगितलं, तसे हे तोंड झाकून रडले. आता लेक स्कूटी शिकतेय. "पुढचा रस्ता दिसत नसंल तर मागंच राहा," एवढंच हे तिला रोज सांगतात. "बाबा लई भित्रे हायत," ती हसून मला म्हणते. त्या गाडीवर तीही होती, हे आम्ही तिला अजून सांगितलेलं नाही.