सदूभाऊंच्या ताब्यातला टेप ड्राइव्ह

नोकरी करताना किस्से साठताहेत हे कळतच नाही. तेव्हा आपण फक्त बोलणी खात असतो! निवृत्तीनंतर नारायणगावात चहाला जुने दोस्त भेटले की मग एकेक बाहेर पडतो. माझे बहुतेक किस्से एकाच वस्तूचे. टेप ड्राइव्ह, म्हणजे कॉम्प्युटरमधली माहिती कॅसेटसारख्या टेपवर उतरवणारं यंत्र!

नव्वदच्या दशकात मी आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याचा कॉम्प्युटर विभाग सांभाळायचो. विभाग म्हणजे मी, एक सर्व्हर आणि शिपाई सदूभाऊ. सर्व्हरवर ऊसनोंद असायची. कुणी कुठल्या तारखेला लागण केली, त्या क्रमानंच ऊसतोड मिळायची. ती नोंद गेली तर गावोगावी डोकी फुटणार, आणि सगळ्यात आधी माझं! म्हणून रोज तिची कॉपी, म्हणजे बॅकअप, टेपवर घ्यायचा.

*

पहिला ड्राइव्ह घ्यायचा होता तेव्हा पुण्याचा सेल्समन सॅम्पल घेऊन आला. खरेदी कमिटीत भागूनाना नावाचे टोमॅटोवाले संचालक होते. त्यांनी माहितीपत्रक उघडलंसुद्धा नाही.

"पावणं, ह्या टेपवर कायतरी लिव्हा. आमच्या क्रेटात घालून वाशी मार्केटला धाडतो. माघारी येऊन चालली तर घेऊ."

सेल्समनला वाटलं थट्टा आहे. तिसऱ्या दिवशी टेप ट्रकमधून परत आली, टोमॅटोच्या रसानं चिकट झालेली. पुसून लावली, तर चालली की! नाना खूश. "मालापरीस टणक हाय राव. घ्या!"

*

दसऱ्याला कारखान्यात सगळ्या मशिनरीची पूजा व्हायची. सदूभाऊंनी ड्राइव्हला गंध लावलं, फूल वाहिलं आणि टेप घालायच्या फटीत चिमूटभर साखरेचा नैवेद्य दाखवला. दाखवला म्हणजे आत घातला!

दुसऱ्या दिवशी ड्राइव्ह टेप घेईना. ब्रशनं साफ करता करता मी त्यांच्यावर खेकसलो. सदूभाऊ शांतपणे म्हणाले, "साखर कारखान्याचं मशीन साखरंनं बिघडतंय, मंग त्याला इथं ठिवायचंच कशाला?"

*

प्रत्येक वाराची वेगळी टेप होती. गाळपाचा सीझन नसताना गुरुवारी दिवसभर वीज नसायची, म्हणजे बॅकअपही नाही. पण सदूभाऊ गुरुवारची टेप सकाळी इमानदारीत घालणार आणि संध्याकाळी काढून, पुसून कपाटात ठेवणार.

एकदा तपासणीला पुण्याहून साहेब आले. सगळ्या टेपा बघून त्यांनी नव्यासारखा करकरीत गुरुवार उचलला. "याला म्हणतात निगा! बाकीच्या अशा का नाहीत?"

मी घाईघाईनं कपाट बंद केलं. सदूभाऊ मात्र लाजले.

*

मग तोच सेल्समन टेप लायब्ररी घेऊन आला. कपाटाएवढं यंत्र, आत आठवड्याच्या टेपा आणि त्या आपोआप बदलणारा यांत्रिक हात. सदूभाऊंचं तोंड उतरलं, कारण टेप बदलणं हेच त्यांचं मानाचं काम होतं. मलाही वाईट वाटलं.

चाचणीच्या दिवशी यंत्राच्या हातानं सोमवार उचलला, अर्ध्या वाटेवर आणला आणि वीज गेली! दोन तास तो हात सोमवार धरून तसाच उभा. यंत्र बघायला आलेल्या चेअरमनसाहेबांना सदूभाऊ म्हणाले, "लाईट गेली तरी माजा हात चालतो, साहेब."

लायब्ररी परत गेली.

*

आता शेवटचा. सीझन तोंडावर आला होता. जुना ड्राइव्ह कुरकुरत होता, म्हणून मी हट्टानं नवा घेतला आणि जुना भंगारात काढला. शनिवारी नवा बसवला. सोमवारी, पहिला बॅकअप घ्यायच्या आतच, सर्व्हरची डिस्क ऊसनोंदीसकट गेली.

नवी डिस्क टाकली, पण नव्या ड्राइव्हला जुनी एकही टेप वाचता येईना! जुन्नरहून टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्या रफिकभाईंना बोलावलं. त्यांनी पाच मिनिटांत निदान केलं. "जुन्या मशीनचं लिव्हायचं-वाचायचं हेड वाकडं झालं असनार. त्यानं वाकडं लिव्हलं, ते आता त्यालाच वाचता येईल."

मी भंगाराकडे धावलो. ड्राइव्ह तिथं नव्हता.

"पुजलेलं मशीन भंगारात?" सदूभाऊ म्हणाले. "मी घरी नेलं. देव्हाऱ्यात हाय."

चेअरमनसाहेब, मी आणि रफिकभाई जीपनं त्यांच्या घरी गेलो. ड्राइव्ह विघ्नहर गणपतीच्या तसबिरीशेजारी, झेंडू वाहिलेला. मी हात पुढे केला तशी सदूभाऊंनी अडवलं. "बसवलेलं हाय. कौल लावल्याबिगर हलवायचं न्हाई."

त्यांनी ड्राइव्हच्या दोन्ही बाजूंना ओली फुलं चिकटवली. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. चेअरमनसाहेब मांडी घालून बसले.

डावं पडलं!

मग काय, सर्व्हर जीपमध्ये घालून सदूभाऊंच्या घरी आणला. देव्हाऱ्यापर्यंत वायर ओढली. चार तासांनी शेवटच्या शेतकऱ्यापर्यंतची ऊसनोंद परत आली आणि मला तिथंच रडू फुटलं. सीझन ठरल्या दिवशी सुरू झाला.

पुढच्या वर्षी आणखी एक ड्राइव्ह घ्यायचा ठरला. तीन कंपन्यांची कोटेशनं आली. त्यांचा तुलनात्मक तक्ता करून, माझी शिफारस जोडून मी फाइल चेअरमनसाहेबांपुढे ठेवली. त्यांनी तक्ता बाजूला सारला, तिन्ही कोटेशनं तीन वेगळ्या पाकिटांत घातली आणि बेल वाजवली.

"सदूभाऊंना बोलवा. येताना फुलं आणा म्हणावं."