कोसमटोल्याचे बारा घसे

फ्लूची साथ जगात कुठे उगवते हे शोधायचं सरकारने ठरवलं, आणि त्यासाठी आमचा भाग निवडला, जिथे एस.टी.सुद्धा मनात आलं तरच उगवते. साल १९८५. अहेरीत भाड्याच्या दोन खोल्यांत संशोधन केंद्र उघडलं. बाहेर दारापेक्षाही लांबलचक इंग्रजी पाटी. आत टाइपरायटर, तो बडवणारा मी सोमाजी, आमचे साहेब डॉ. मुळावकर, आणि रोजंदारीवरचा लटारू मडावी.

लटारूचं काम थर्मास वाहण्याचं. जंगलातल्या गावात जायचं, खोकणाऱ्याच्या घशात कापसाची काडी फिरवायची, काडी बाटलीत घालायची, बाटली बर्फात. बर्फ चंद्रपूरहून यायचा, म्हणजे निघताना तो बर्फ असायचा. अहेरीत कंडक्टर थर्मास हातात देऊन म्हणायचा, "घे बाबू तुझं पानी." शेवटी लटारूनेच धानाच्या कोंड्यात बर्फ दाबून आणायची युक्ती काढली. ती अहवालात साहेबांच्या नावाने गेली. टाइप मीच केली होती.

माणूस काटकुळा, खाकी सदरा गुडघ्यापर्यंत आलेला. म्हातारी माणसं काडीला घाबरायची, तेव्हा तो आधी स्वतःच्या घशात एक काडी घालून दाखवायचा. मग ओकारी येऊन तो डोळे पुसायचा, सारं गाव हसायचं आणि तोंड उघडायचं. एवढं शास्त्र आमच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. त्याला एकच ध्यास होता, कायम व्हायचं. साहेबांनी शब्द दिला होता, "कोसमटोल्याचे बारा नमुने आण, तुझा प्रस्ताव पाठवतो." कोसमटोला त्याचंच गाव. मागच्या हिवाळ्यात तापाने तिथली सात माणसं नेली होती. त्यांत लटारूचा बाप होता.

पूस महिन्यात ताप पुन्हा निघाला, कोसमटोल्याच्या शेजारच्या गावात. साहेब तेव्हा नुकतेच नागपूरहून बैठक करून आले होते. बैठकीचा विषय होता साथीची पूर्वतयारी. तिथून त्यांनी चार फायली आणल्या आणि एक सणसणीत खोकला. योजनेला पैसा देणारे परदेशी पाहुणे महिन्याभरात पाहणीला येणार होते, म्हणून आम्ही तिघं जीपने निघालो.

गावाच्या शिवेवर मोहाच्या झाडाखाली वाटेवर तेंदूची फांदी आडवी टाकलेली. पलीकडे वीस हातांवर लटारूची आई ठमाबाई उभी. ती गोंडीत काहीतरी ओरडली.

"माय इचारते, कोन खोकलून राह्यला?" लटारू म्हणाला.

"तिला सांग, आम्ही खोकल्याच्याच कामाला आलोय," असं म्हणून साहेब पोटभर खोकले आणि फांदी बाजूला करायला वाकले.

लटारू आडवा आला. "साहेब, बाजूच्या गावात ताप निघाला तं आमी वाट बांधतो. पाच दिवस कोनी आत नाई, कोनी बाहेर नाई. मी बी नाई. मागल्या वर्षी बांधाले उशीर झाला, तं बाप गेला."

"तुला कायम व्हायचंय ना?"

"व्हायचं हाय."

"मग उचल फांदी."

लटारूने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी जीपमध्ये मांडीवर फॉर्म घेऊन बसलो होतो. मी फॉर्मकडे पाहिलं. भित्रा होतो, दुसरं काय!

लटारूने शांतपणे थर्मास उघडला. "साहेब, नमुना खोकल्याचाच पायजे ना? गावात कोनाले खोकला नाई. खोकला इथीच हाय. आ करा."

मला वाटलं, आता कानाखाली बसते. पण साहेबांनी डोक्यावरचं ऊन पाहिलं, मनात पाहुण्यांची तारीख मोजली, आणि आ केला. एकदा नाही, बारा वेळा. लटारू गोंडीत विचारत गेला, ठमाबाई फांदीपलीकडून गावातली नावं सांगत गेली, मी लिहीत गेलो. पोचू, वय साठ. मंगली, वय नऊ. प्रत्येक नावाला साहेबांना ओकारी. फांदी मात्र जागची हलली नाही.

प्रयोगशाळेचा निकाल आला. बाराही नमुन्यांत एकच विषाणू! कोसमटोला शंभर टक्के बाधित! परदेशी पाहुणे आनंदाने धावत आले. त्या हिवाळ्यात कोसमटोल्यात एकही माणूस दगावला नाही, शेजारच्या गावात चार गेले. पण न मेलेल्यांसाठी आमच्या तक्त्यात रकानाच नव्हता.

पाहुण्यांनी मोहाच्या झाडाला खिळे ठोकून पत्रा लावला, 'आजारी माणसापासून दूर राहा'. मग ठमाबाईला विचारलं, "शेजारी साथ आली तर तुम्ही काय कराल?" ती गोंडीत बोलली. लटारूने जसंच्या तसं मराठीत सांगितलं, "माय म्हनते, वाट बांधू. मागं या साहेबालेच थांबवलो होतो." साहेबांनी त्याचं इंग्रजी केलं, की बाई योजनेची फार ऋणी आहे, आपण शिकवाल तसं वागेल. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. इंग्रजी मला चांगलं कळत होतं. तरी अहवालात मी साहेबांचंच वाक्य टाइप केलं.

साहेब पूर्वतयारीवर भाषण द्यायला परदेशी गेले. जाण्याआधी लटारूला कामावरून कमी केल्याचा कागद माझ्याकडूनच टाइप करून घेतला. कारण, 'नमुने घेण्याचे शिक्षण नाही'. त्या कागदात टाइपची एकही चूक झाली नाही, याची मला आजही लाज वाटते. लटारूने तो घडी करून खिशात ठेवला आणि एवढंच विचारलं, "भाऊ, थर्मास कुठी ठेवू?"

तीन वर्षांनी योजना गुंडाळली. पाटी उतरवली त्याच आठवड्यात मी एकटा कोसमटोल्याला निघालो. लटारूची माफी मागायची होती. खरं काय झालं ते दोन पानांवर टाइप करून सोबत घेतलं होतं.

शिवेवर पत्रा गंजलेला, आणि खाली वाटेवर ताजी फांदी. पलीकडे लटारू लाकडं फोडत होता. मला पाहून तो खुशीत हसला, पण पुढे आला नाही.

"भाऊ, खोकला हाय का?"

खोकला होता, अहेरीपासूनच. कागद काढायला खिशात घातलेला हात मी तसाच ठेवला.

"हाय," मी म्हणालो.

"मग बसा तिथीच. पाच दिवस. माय भाकर ठेवून जाईल."

मी मोहाखाली बसलो.