गळ्यावरची दोन बोटं

गंगापूर रोडच्या बसस्टॉपवर ती बाई रोज माझ्या शेजारी उभी असायची, गळ्यावर दोन बोटं टेकवून. "फ्फ्फ" म्हणायची, मग "व्व्व". पुन्हा "फ्फ्फ". बस वेळेवर येत नाही म्हणून मी आधीच वैतागलेला, त्यात कानाशी हे फुसफुसणं. एकदा न राहवून विचारलंच, "ताई, घसा दुखतोय का?"

"नाय हो दादा, अभ्यास चाललाय," ती हसली. पोरीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तिच्या शाळेसाठी ही नामपूर सोडून नाशकात आलेली.

"आता इंग्लिश सुरू झालंय तिचं. फॅन आणि व्हॅन, ओठ सारखेच हलतात. फॅनच्या सुरुवातीला गळा गप्प राहतो, व्हॅनच्या सुरुवातीला गुणगुणतो. ती माझ्या गळ्यावर हात ठेवून शिकते. माझंच चुकलं तर ती कुठून शिकणार?"

तेवढ्यात बस दिसली. पिशवी उचलता उचलता ती म्हणाली, "एक पंचाईत झालीय पण. मी रागावले की ती धावत येऊन गळ्याला हात लावते, किती रागावले ते बघायला. तिचा हात लागला की मला ओरडताच येत नाय."

बसमध्ये मी खिडकीशी बसलो. डब्याला उशीर झाला म्हणून सकाळी आईवर खेकसून निघालो होतो. कोणी बघत नाही असं पाहून मी गळ्यावर बोटं ठेवली आणि आईला सुनावलेले तेच शब्द हळूच पुन्हा म्हटले.

हळू म्हटले, तरी बोटांना सोसवेनात.